उघडा चार

तबकडीवरचा इंग्रजी चारचा आकडा वरून उघडा होता. डावीकडची रेघ तिरकी वर जाऊन उजवीकडच्या उभ्या रेघेला मिळायला हवी, ती मिळतच नव्हती. दोघी आपापल्या जागी सरळ उभ्या, मधे केस जाईल न जाईल एवढी फट — टेबलावर पालथी घातलेली खुर्ची दिसते तसा चार. भिंग डोळ्यावरून काढलं की फट मिटायची, लावलं की परत उघडायची. त्याने हे सात-आठ वेळा करून पाहिलं. नऊ वर्षं हे घड्याळ त्याच्या मनगटावर होतं, दिवसातून पन्नास वेळा तरी तो त्यात पाहत असेल, आणि निव्वळ वेळ पाहत होता असंही नाही, कारण हे घड्याळ तो वेळेसाठी घालतच नव्हता, चेहऱ्यासाठी घालत होता... तरी हा चार दिसला नाही. आणि धंदा काय, तर लोकांचे डोळे तपासण्याचा.

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळलेला होता. पहिलं गिऱ्हाईक यायला अजून अवकाश होता. साफसफाईला दिलेलं घड्याळ ज्या कागदी पुडीतून परत आलं, तिच्यावर घड्याळजींनी पेन्सिलीने लिहिलं होतं — चार बघा, मग फोन करा. घड्याळजी बोलताना जेवढं लांबण लावत, तेवढेच लिहिताना कंजूष होते. त्याने फोन केला.

"बघितलात?"

"बघितला."

"या घड्याळात चार बंद असतो. सगळीकडे बंद. पहिले दोन-तीन महिने तेवढा असा उघडा छापला, मग कंपनीने ठसाच बदलला. जुन्या यादीत तळाला एका ओळीत आहे. आता दहा-बारा शिल्लक असतील नसतील. सगळ्या जगात म्हणतोय मी."

"कुणीतरी मागाहून रंगवून घेतली असेल तबकडी."

"मी काय आज बसलोय का दुकानात? काढून मागून बघितली. मूळची आहे." मग घड्याळजींनी आवाज खाली आणला. "कॅटलॉगला बोललो नाही हां अजून. तुमची वस्तू, तुम्ही सांगा. संध्याकाळी बसायचंच आहे."

फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर एव्हाना दहाजणांना फोन करून मोकळा झाला असता. त्याला मात्र आपण घरात नसताना कुणीतरी खोलीतलं सामान हलवून गेलं आहे असं वाटत राहिलं — काही चोरीला गेलेलं नाही, उलट एक वस्तू जास्तच आहे, पण खोली आपली वाटत नाही.

संध्याकाळी बसायचं म्हणजे घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत, महिन्यातून एक शनिवार. चौघे. घड्याळजी, गुरांचे डॉक्टर, तो, आणि ग्रंथालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना जुन्या घड्याळांची प्रत्येक यादी, प्रत्येक क्रमांक तोंडपाठ, म्हणून कॅटलॉग. टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, प्रत्येकाने एकेक घड्याळ मांडायचं, आणि मग — हा नियम त्याने स्वतः आणलेला — कॅटलॉगने तोंड उघडायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, यातलं कोणतं घरी न्यायला आवडेल. दुर्मीळ कोणतं ते नंतर. आवड आधी. नियम मांडला त्या दिवशी तो म्हणाला होता, "एकदा कळलं की अमुक घड्याळ जगात सहाच आहेत, की मग ते सुंदर दिसायलाच लागतं. तेव्हा कळायच्या आत काय ते ठरवा." सगळ्यांना पटलं होतं. नंतर दर वेळी चिठ्ठ्या उघडल्या की बाकीच्यांची उत्तरं इकडे तिकडे, कॅटलॉगच्या चेहऱ्याचा अंदाज घेत दिलेली. त्याची तेवढी ठाम. बहुतेक वेळा तो आपलंच साधं घड्याळ लिहायचा. कारखान्यातून ढिगाने बाहेर पडलेलं, कुणाच्याही वडिलांच्या हातावर असेल असं. "शांत चेहरा आहे याचा," म्हणायचा. डॉक्टर मान हलवायचे. नजर म्हणतात ती ही, असं एकदा घड्याळजीच म्हणाले होते.

आणि ते मला आवडलं होतं... घड्याळापेक्षाही ते वाक्य. आता हे कबूल करायला हरकत नाही, खोलीत कुणी नाही.

कॅटलॉगला त्याने एकदा पार खजील केलं होतं. तीन वर्षं झाली असतील. कॅटलॉगच्या हातावर एक जांभळट तबकडीचं घड्याळ असायचं, दिसायला सुजलेल्या डोळ्यासारखं, पण फार थोडी निघालेली आवृत्ती. तुम्हाला हे खरंच आवडतं का, असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं, आणि कॅटलॉग सरळ म्हणाले, "दिसायला नाही आवडत. पण ते माझ्याकडे आहे, हे आवडतं." तेव्हा तो म्हणाला होता — काय गरज होती! — "म्हणजे तुम्ही घड्याळ घालत नाही, आकडेवारी घालता." खोली हसली. कॅटलॉगही हसले, आणि हसता हसता त्यांनी शर्टाची बाही मनगटावर ओढून घेतली. ती बाही त्याने पाहिली होती. पाहून न पाहिल्यासारखी केली होती.

पडदा सरकवून एक आजी आत आल्या. त्यांना खुर्चीत बसवून त्याने तपासणीची जड चौकट त्यांच्या नाकावर ठेवली आणि तोंडाने सवयीचं सुरू केलं, कारण हात आणि तोंड हे काम त्याच्याशिवायही करू शकत होते.

"आता बघा हं. हे पहिलं... आणि हे दुसरं. कशातून जास्त स्वच्छ दिसतंय?"

"पहिलं." मग घाईने, "नाही, दुसरं. थांबा. तुम्हाला कोणतं बरोबर वाटतंय?"

"आजी, यात चूक-बरोबर काही नसतं. तुम्हाला दिसतंय ते सांगायचं."

"असं कसं? तुम्हाला तर ठाऊक असणार बरोबर कोणतं. मग मला कशाला विचारताय?"

"मला ठाऊक नसतं."

"कमालच आहे," आजी म्हणाल्या, आणि तिसऱ्या वेळी पुन्हा पहिलं म्हणाल्या.

उत्तरं अशी फिरायला लागली की थांबायचं असतं. एक तर डोळा थकलेला असतो, नाही तर दोन भिंगांत डोळ्याला कळेल एवढा फरकच उरलेला नसतो. आणि ज्यांना परीक्षेची सवय असते ते 'दोन्ही सारखंच' हे उत्तर देत नाहीत, त्यांना ते नापास झाल्यासारखं वाटतं. तो हे पंचवीस वर्षं लोकांना सांगत आला होता. सारखं दिसत असेल तर सारखं म्हणा, बिनधास्त म्हणा. सांगायला काय जातं!

दुपारी तो जेवायला घरी गेला. बायको शाळेतून नुकतीच आली होती, चित्रांचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरून गुण देत होती, ते तिने कोपराने एकीकडे सारले. जेवताना त्याने मनगट पुढे केलं.

"हे घड्याळ कसं आहे गं?"

"म्हणजे? बिघडलंय का?"

"दिसायला कसं आहे, विचारतोय."

"चांगलंच आहे की. म्हणून तर घ्यायला लावलं तुम्हाला."

त्याचा घास हातातच राहिला. बंद होणाऱ्या त्या जुन्या दुकानातला ट्रे त्याला स्वच्छ आठवत होता — खिळखिळ्या काचेचा, चाळीसेक घड्याळं उताणी पडलेली, वरून उन्हाची तिरीप; त्याने एकदाच नजर फिरवली आणि बोट सरळ यावर गेलं. ही गोष्ट त्याने हिरव्या कापडाभोवती किती वेळा सांगितली होती. सांगून सांगून तिला छान गुळगुळीतपणा आला होता.

"मीच उचललं होतं ते," तो म्हणाला.

"उचललंत तुम्हीच. पण आधी अर्धा तास त्या सोनेरी धुडावर अडून बसला होतात. केवढं होतं ते, ढालीएवढं! दुकानदार म्हणत होता ना, असं परत मिळणार नाही म्हणून. मी म्हटलं, अहो, ते सोडा, हे बघा, याचा चेहरा किती शांत आहे." तिने पाणी ओतून घेतलं. "का हो? विकताय का?"

"नाही."

"मग घाला की गुपचूप," ती म्हणाली, आणि एका चित्राला सात दिले, मग थोडं लांबून पाहून आठ केले. तिला असं करताना तो नेहमी पाहत असे. ती कधी विचारात पडत नसे. भाजी आणावी तितक्या सहज ती एक गोष्ट उचलून दुसरी ठेवून देई, आणि का म्हणून विचारलं तर तिला सांगता येत नसे, आणि सांगता येत नाही याचं तिला काहीच वाटत नसे.

शांत. शब्दही तिचाच. घड्याळावर आपला हक्क नव्हता हे एकवेळ चालून गेलं असतं, पण नऊ वर्षं जो शब्द मी मान तिरकी करून, जरा थांबून, जणू आत्ताच सुचतोय अशा थाटात टेबलावर ठेवत आलो... हे खोटं होतं का? खोटं नव्हतं. मला तो माझाच वाटत होता. त्याहून वाईट म्हणजे ते सोनेरी धूड मला आता अजिबात आठवत नव्हतं. म्हणजे आपल्याला काय आवडलं होतं तेच मी विसरलो होतो, आणि काय आवडायला हवं होतं ते तेवढं जपून ठेवलं होतं.

दुकानात परत जाताना त्याने कपाटाच्या खणातून त्याच कंपनीचं, त्याच बनावटीचं दुसरं घड्याळ खिशात टाकलं. सुटे भाग लागले तर असावेत म्हणून केव्हातरी घेऊन ठेवलेलं. त्याचा चार बंद होता, लाखभर इतरांसारखा.

चारच्या सुमाराला गर्दी ओसरली. फ्रेमा दाखवणाऱ्या बाई काउंटरवर फडक्याने आरसे पुसत होत्या. त्याने त्यांना आत बोलावलं, एका पुठ्ठ्याला तबकडीएवढं गोल भोक पाडलं, दोन्ही घड्याळांच्या चारवर कागदाचा बारीक तुकडा चिकटवला, आणि काय करायचं ते समजावून सांगितलं. बाईंनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं.

"पैज-बिज आहे का सर काही?"

"तसंच समजा."

तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. या खुर्चीतून ही खोली त्याने कधीच पाहिली नव्हती; छत वाटलं होतं त्यापेक्षा मळकं निघालं. बाई पाठ करून उभ्या राहिल्या, खुडबुड केली, वळल्या.

"हे पहिलं." पुन्हा पाठ, पुन्हा खुडबुड. "हे दुसरं."

ओळखायला क्षणभरही लागणार नाही असं त्याने धरलं होतं. नऊ वर्षांचा सहवास म्हणजे काही थट्टा नव्हे. पुठ्ठ्याच्या भोकात सायीच्या रंगाचा एक गोल, काळे बारीक काटे, खाली सेकंदांची छोटी तबकडी — मग तसाच दुसरा गोल. तो म्हणाला, "दुसरं." बाईंनी पुठ्ठा काढला, कागद सोलला. बंद चार. "पुन्हा," तो म्हणाला. या वेळी पहिलं म्हणाला, ते त्याचं निघालं. पुन्हा. दुसरं म्हणाला, बंद निघालं. पाचव्यांदा त्याला स्वतःच्या आवाजात एक ओळखीची घाई ऐकू आली, आधी हे, मग नाही-नाही ते, आणि मग बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते पाहणं. बाईंचा चेहरा कोरा होता. त्यांना खरोखरच काही ठाऊक नव्हतं.

"दोन्ही सारखीच आहेत की सर," त्या म्हणाल्या, आणि बाहेर फोन वाजला म्हणून गेल्या.

तो बसून राहिला. काही विशेष दुःख झालं असं नाही. आपल्याला एखादा रंग कळत नाही असं चाळिशीनंतर अचानक समजलेली माणसं याच खुर्चीत त्याने पाहिली होती, त्यांनाही दुःख होत नसे, ती फक्त मागचं सगळं एकदा चाळून पाहत — म्हणजे तेव्हा तो शर्ट... म्हणजे तेव्हा सगळे हसले ते... तसं त्याचं चाललं होतं. घड्याळ दुर्मीळ नव्हतं म्हणून मला आवडत होतं का? चौघांत मी वेगळा दिसावा म्हणून? मग कॅटलॉगमध्ये आणि माझ्यात फरक काय, त्यांनी निदान विचारल्यावर खरं सांगितलं होतं.

कॅटलॉगही गेल्या महिन्यात याच खुर्चीत बसले होते. तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी धडाधड वाचून दाखवली, पंचविशीतल्या माणसाला लाजवील अशी. त्याला शंका आली, त्याने बटण दाबून तक्ता बदलला. दुसऱ्या ओळीला कॅटलॉग गप्प झाले. "तक्ता बदलू नका हो," म्हणाले, "तो पाठ होता." डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध विरत चालला होता, मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून त्याने चिठ्ठी दिली, आणि दोघांनाही ठाऊक होतं की चष्म्याने यात काही होणार नाही. दारात थांबून कॅटलॉग म्हणाले होते, "शनिवारी टेबलावर बोलू नका एवढं. मी निभावून नेतो." गेल्या बैठकीत त्यांनी निभावून नेलंही होतं. घड्याळ हातात घेऊन, उलटवून, बोटाने चाचपून ते क्रमांक सांगत गेले, आणि एकही चुकला नाही.

सहाला घड्याळजींनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. मागच्या खोलीत हिरव्या कापडावर दिवा खाली ओढलेला होता, डॉक्टरांच्या हाताला नेहमीप्रमाणे औषधाचा वास येत होता. डॉक्टरांनी एक चौकोनी मांडलं, घड्याळजींनी एक खिशात ठेवायचं, साखळीचं. कॅटलॉगनी आपलं जांभळं काढून ठेवलं. त्याने मनगटावरचं सोडवून चौथ्या जागी ठेवलं. घड्याळजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग दिवा उगाच जरा सरळ केला.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. कॅटलॉग खुर्चीतून उठून एकेका घड्याळावर वाकले, इतके की श्वास काचेवर उमटावा. चौथ्याजवळ ते जास्त वेळ थांबले. त्यांना काय दिसत असेल याचा हिशोब त्याच्याइतका कुणालाच करता आला नसता — मधे एक धूसर डाग, कडेने सायीच्या रंगाचं वर्तुळ, काट्यांची टोकं असतील नसतील. आकडे नाहीत. चार तर नाहीच, उघडा नाही, बंद नाही.

"माझी आत्ताच वाचलीत तरी चालेल," कॅटलॉग चिठ्ठी सरकवत म्हणाले. घड्याळजींनी ती उलगडली.

"चौथं," घड्याळजींनी वाचलं.

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले. "पक्ष बदललात?"

"बदलला कसला. पहिल्यापासून तेच आवडायचं मला," कॅटलॉग म्हणाले, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, या वयात. "लिहायची लाज वाटायची. म्हटलं, एवढं सगळं पाठ करून शेवटी काय, तर हे? आता म्हटलं, लिहून टाकावं." मग घसा साफ करून ते आपल्या कामाला लागले. "बाकी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सरसकट बनावट, नेहमीचीच तबकडी. कुणाकडेही सापडेल."

घड्याळजी त्याच्याकडे पाहत होते. कॅटलॉग चुकीचं बोलले होते. या टेबलावर असं कधी घडलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य ऐकून कॅटलॉग ताडकन उठले असते, यादी काढली असती, लहान मुलासारखे हरखले असते, आणि त्यानंतर आपण ते का निवडलं होतं हे त्यांना पुन्हा कधीच नीट सांगता आलं नसतं. न बोलावं, तर त्यांच्या आयुष्यातली ही पहिली चूक त्यांच्या नावावर कायमची राहील, आणि ती राहू देणारे आपण. त्यांच्या भल्यासाठी गप्प आहोत की आपला चार आपल्यापाशी राहावा म्हणून — हे त्याने दोनदा तपासलं, आणि दोन्ही वेळा उत्तर फिरलं.

त्याच्यासमोर चिठ्ठी कोरी होती. त्याने घड्याळांकडे पाहिलं. चौकोनी बरं दिसत होतं. साखळीचंही. जांभळंसुद्धा, या दिव्याखाली, काही वाईट नव्हतं. आणि चौथं एक घड्याळ होतं, त्यात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"लिहा की," कॅटलॉग म्हणाले. त्यांची नजर त्याच्या चेहऱ्याच्या किंचित बाजूला लागलेली होती. मधलं दिसत नसलं की माणसं अशी कडेने बघतात. त्यांच्या कानांची लाली अजून उतरली नव्हती. मला त्यातलं कुठलंही घड्याळ नको होतं. मला ती लाली हवी होती. इतकी मनापासून मला कुठलीच वस्तू आजवर हवीशी वाटली नव्हती, आणि ती मागायची कुणाकडे हे कळेना, म्हणून पेन्सिल कागदाला टेकवून मी नुसताच त्यांच्याकडे पाहत राहिलो.